इसेला जाताना: आधी गेकू, मग नाइकू

आई-बाबा पहिल्यांदा जपानला आले तेव्हा मी त्यांना नागोयाहून इसेला घेऊन गेलो. एक मोठं देऊळ झालं, मग बस, मग दुसरं मोठं देऊळ, आणि सगळीकडे पायाखाली करकर वाजणारी खडी. शेवटच्या दगडी पायऱ्या चढून आम्ही वर पोचलो. समोर लाकडी कुंपण आणि दारात पांढरा पडदा. लोक पुढे येऊन वाकत होते, दोन टाळ्या वाजवत होते आणि बाजूला होत होते. आईनं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अरे, पण देव कुठंय?"

चूक तिची नव्हती. तिला आधी काही सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नव्हतं. आपण देवळात जातो ते दर्शनाला. रांग चार तासांची असो की सोळा तासांची, शेवटी गाभारा येतो, मूर्ती दिसते, पंढरपुरात तर पायांवर डोकं टेकता येतं. इसेत दर्शन नाही. तिथं जाण्याला जपानीत ‘माइरी’ म्हणतात. थोरांकडे नम्रपणे जाणं एवढाच त्या शब्दाचा अर्थ. त्यात ‘जाणं’ आहे, ‘पाहणं’ नाही. एवढं एक डोक्यात ठेवून गेलात तर दिवस छान जातो, नाहीतर तीन तासांची पायपीट करून एक पडदा पाहिल्यासारखं वाटतं.

त्यानंतर पाहुणे आले की इसेची फेरी होतेच. गाडीत बसल्यावर त्यांना जे सांगतो, तेच इथं क्रमानं लिहितो.

हे देऊळ कोणाचं

शिंतो देवस्थानाला जपानीत ‘जिंजा’ म्हणतात. इसेच्या देवस्थानाचं अधिकृत नाव नुसतं ‘जिंगू’ आहे, गावाचं नावही पुढे लागत नाही. मिए प्रांतात, डोंगर आणि समुद्र यांच्या मध्ये ते वसलेलं आहे. ‘जिंगू’ म्हणजे एक इमारत नव्हे, लहानमोठी मिळून १२५ देवळं त्यात मोडतात. मुख्य दोन. नाइकू, म्हणजे आतलं देऊळ, सूर्यदेवता अमातेरासू ओमिकामीचं. जपानचं राजघराणं तिला आपली कुलदेवता मानतं. गेकू, म्हणजे बाहेरचं देऊळ, तोयोउके ओमिकामीचं. ही अन्नाची देवता, आणि अमातेरासूच्या जेवणाची जबाबदारी तिच्याकडे.

परंपरा नाइकूचं वय दोन हजार वर्षं सांगते आणि गेकूचं दीड हजार. सूर्यदेवतेला एकटीला जेवण जाईना, म्हणून तिनं सम्राटाच्या स्वप्नात येऊन तोयोउकेला बोलावून घेतलं, अशी कथा आहे. ही कथा सांगितली की आमच्याकडच्या सगळ्या बायका मान डोलावतात.

नाइकूत देवतेचं रूप म्हणून एक आरसा आहे, राजघराण्याच्या तीन पवित्र वस्तूंपैकी एक. तो आत असतो आणि कोणालाही दाखवला जात नाही. तेव्हा पडद्याआड डोकावण्याचा प्रयत्न करू नका.

कधी जायचं

दोन्ही देवळं पहाटे पाचला उघडतात. जानेवारी ते एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये संध्याकाळी सहाला बंद होतात, मे ते ऑगस्ट सातला, ऑक्टोबर ते डिसेंबर पाचला. प्रवेशाला पैसे नाहीत. नववर्षाच्या रात्री दारं रात्रभर उघडी असतात, पण ती गर्दी पहिल्या भेटीसाठी नको. शनिवार-रविवारही शक्यतो टाळा.

जमलं तर आदल्या रात्री इसेत मुक्काम करा आणि सकाळी सहाच्या आत गेकूत शिरा. त्या वेळी खडीवर तुमच्याच पावलांचा आवाज येतो. नऊनंतर सहलीच्या बस येतात, झेंडी धरलेले मार्गदर्शक येतात, आणि तीच जागा निराळी होते. महिन्याच्या १, ११ आणि २१ तारखेला सकाळी आठच्या सुमाराला देवीचा घोडा अंगावर झूल घालून मुख्य देवळासमोर नमस्काराला आणला जातो. हवा खराब असली तर येत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर तारीख बघूनच जा.

एक गोष्ट आपल्या लोकांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. घरात कोणी गेलं असेल तर साधारण ५० दिवस जपानी माणूस जिंजात जात नाही. सुतकच ते. परदेशी पाहुण्याला दारात कोणी विचारणार नाही, ज्यानं त्यानं ठरवायचं.

पोचायचं कसं

नागोयाहून किंतेत्सु कंपनीची जलद गाडी दीड तासाच्या आत इसेत सोडते. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनहून पावणेदोन तास, क्योतोहून दोन तास धरा. उतरायचं ‘इसेशी’ स्टेशनवर. पुढचं ‘उजियामादा’ स्टेशन दिसायला जास्त देखणं आहे, पण गेकू इसेशीहून जवळ, चालत पाच मिनिटांवर.

भारतातून जपान रेल्वेचा पास काढून आलेले हमखास इथं फसतात. तो पास किंतेत्सुच्या गाड्यांना चालत नाही. त्यांनी नागोयाहून जपान रेल्वेची ‘मिए’ नावाची जलद गाडी घ्यावी. मधला थोडा पट्टा दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर आहे, तिथलं थोडं जादा भाडं गाडीत द्यावं लागतं. तिकीट तपासनीस आला की घाबरू नका, तुम्ही बिनतिकीट नाही आहात.

बॅगा स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका. चाकांची बॅग खडीवरून ओढणं हा व्यायाम आहे, यात्रा नाही.

बरोबर काय न्यायचं, काय नाही

हार, फुलं, नारळ, पेढे, उदबत्ती यातलं काहीच लागत नाही आणि ठेवायला जागाही नाही. चपला काढायच्या नाहीत. हे वाक्य मी तीनदा सांगतो, तरी पहिल्या तोरीपाशी, म्हणजे देवस्थानाच्या कमानीपाशी, कोणीतरी वाकून बुटाची नाडी सोडतंच. आईनं साडीवर स्पोर्ट्‌स शूज घातले होते आणि स्वतःच्याच अवतारावर दिवसभर हसत होती, पण इसेसाठी तोच योग्य पोशाख. कपडे साधे, अंगभर असावेत. टोपी मुख्य देवळासमोर काढायची. खाणंपिणं आवाराबाहेर.

सुटी नाणी मात्र ठेवा. पाच येनच्या नाण्याला लोक पसंती देतात, कारण ‘गो-एन’ म्हणजे पाच येन आणि त्याच उच्चाराचा दुसरा शब्द म्हणजे ऋणानुबंध.

गेकू: इथूनच सुरुवात

बरेच प्रवासी वेळ कमी म्हणून थेट नाइकू गाठतात. तसं करू नका. जिंगूचे विधीसुद्धा आधी गेकूत होतात, मग नाइकूत, आणि यात्रेकरूंनीही तोच क्रम धरावा अशी जुनी रीत आहे. दोन्हींपैकी एकच देऊळ करून परतणं म्हणजे ‘काता-माइरी’, अर्धी यात्रा, आणि ती चांगली मानत नाहीत. खरं तर त्याही आधी जवळच्या फुतामीच्या समुद्रात स्नान करून शुद्ध व्हायचं अशी जुनी पद्धत होती. आज कोणी बुडी मारत नाही, पण वेळ असेल तर तिथले दोरखंडानं जोडलेले दोन खडक, ‘नवरा-बायको’ म्हणून प्रसिद्ध असलेले, पाहून या.

गेकूच्या दाराशी छोटा पूल आहे. तो ओलांडला की उजवीकडे-डावीकडे करत बसू नका, डावी बाजू धरा. गेकूत डावीकडून चालायचं, नाइकूत उजवीकडून. हात धुण्याची जागा गेकूत डावीकडे आणि नाइकूत उजवीकडे आहे, हे त्याचं एक कारण सांगतात. वाटेचा मध्य कुठल्याही जिंजात देवाचा, आपण कडेनं जायचं.

आता हात धुणं. लाकडी पळी उजव्या हातात घेऊन भरून घ्या. डाव्या हातावर थोडं पाणी सोडा. पळी डाव्या हातात घ्या, उजवा हात धुवा. पुन्हा उजव्या हातात घेऊन डाव्या ओंजळीत पाणी ओता आणि त्यानं हळूच चूळ भरा. पळीला तोंड लावायचं नाही, हे आपल्याला सांगायला नको. चूळ कुंडात नाही, खालच्या दगडांवर टाकायची. डावा हात परत धुवा, मग पळी उभी धरा म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळेल आणि पुढच्यासाठी ती धुतली जाईल. हे सगळं एका पळीभर पाण्यात व्हायला हवं. बाबांनी पहिल्या वेळी तीन पळ्या वापरल्या आणि पाय धुवायला नळ शोधू लागले.

मग पहिली तोरी. दोन खांब, वर दोन आडव्या तुळया, रंग नाही. इतरत्र दिसणारा शेंदरी रंग इसेत नाही, तासलेलं लाकूड जसंच्या तसं ठेवलेलं असतं. तोरीखालून जाण्याआधी थांबून थोडं वाका. परत निघताना तोरी ओलांडल्यावर मागे वळून पुन्हा वाका. आत शिरलात की आजूबाजूला काय नाही ते बघा. दाराशी राखणदार दगडी कुत्रे नाहीत, वाजवायला घंटा नाही, तोरीला पेंढ्याचा दोर नाही. दोराऐवजी साकाकी नावाच्या सदाहरित झाडाच्या फांद्या बांधलेल्या असतात. भविष्याच्या चिठ्ठ्यासुद्धा नाहीत. इतर जिंजांत त्या शंभर-दोनशे येनला मिळतात. इसेला येणं हेच मुळात आयुष्यातलं मोठं भाग्य, मग चिठ्ठी कशाला काढायची, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. मला ते पटतं.

मुख्य देऊळ चार कुंपणांच्या आत आहे. आपल्याला बाहेरच्या भागात, पडद्यापर्यंतच जाता येतं. तिथं काय करायचं? दोनदा कमरेतून खोल वाकायचं. हात छातीसमोर जोडून उजवा पंजा किंचित खाली सरकवायचा आणि दोन टाळ्या वाजवायच्या. पंजे जुळवून मनात बोलायचं. मग एकदा वाकायचं. दोन, दोन, एक. जपानभर बहुतेक ठिकाणी हेच चालतं (इझुमोच्या देवळात टाळ्या चार, पण तो लेख वेगळा).

दानपेटीची गंमत अशी की मुख्य देवळात ती नाहीच. जुन्या काळी इथं सम्राटाशिवाय कोणी काही अर्पण करायचं नाही असा दंडक होता. लोक तरीही नाणी टाकतात, म्हणून पांढरं कापड पसरलेलं असतं. त्याच धर्तीवर, मुख्य देवळात मागणं मागत नाहीत, फक्त आभार मानतात. मुलीचं लग्न, मुलाचा व्हिसा, गुडघेदुखी हे विषय गेकूत ‘ताका-नो-मिया’ नावाच्या देवळात मांडायचे. ते ९८ पायऱ्या चढून वर आहे. गुडघेदुखीवाल्यांसाठी ही सोय जरा उलटीच आहे, पण पायऱ्या दमानं चढता येतात.

रोजचा नैवेद्य

माझ्या मते गेकूचा खरा गाभा पडद्यामागे नाही. बाजूला ‘मिकेदेन’ नावाची साधी इमारत आहे, तिच्यात आहे. तिथं सकाळ-संध्याकाळ, रोज दोनदा, अमातेरासूसह देवतांना जेवण वाढलं जातं. परंपरेनुसार हे दीड हजार वर्षं चालू आहे. आपल्याकडे काकड आरती, महानैवेद्य, शेजारती ज्यांच्या अंगवळणी आहे त्यांना हे लगेच कळतं. जपानी पर्यटक मात्र पुष्कळदा त्या इमारतीवरून सरळ पुढे जातात.

ताटात भात, मीठ, पाणी, साके (तांदळाची दारू), सुकवलेला कात्सुओ मासा (आपल्याकडच्या कुप्याचा भाऊबंद), ताजा मासा, समुद्री शेवाळ, भाज्या आणि फळं. विस्तव दर वेळी नवा, लाकडावर लाकूड घासून पाडलेला. पाणी देवळाच्या विहिरीचं, तांदूळ देवळाच्या शेतातला, मीठ फुतामीजवळ देवस्थानच्याच मिठागराचं. वाढायची भांडी बिनझिलईची मातीची, एकदा वापरली की मोडून मातीत परत. उन्हाळ्याच्या महिन्यांत हा विधी आठ आणि चारला असतो, थंडीत नऊ आणि तीनला. आत जाता येत नाही, पण वेळ साधली तर पांढऱ्या कपड्यांतले पुजारी पेटारा खांद्यावर घेऊन जाताना दिसतात. बाबा ते बघत बराच वेळ उभे होते. आईनं विचारलं, "नैवेद्यात कांदा-लसूण असेल का?" त्याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

गेकूच्या दाराशी तळ्याकाठी ‘सेंगूकान’ नावाचं संग्रहालय आहे. नवशिक्यांनी ते चुकवू नये, कारण मुख्य देवळाचा जो भाग कुंपणाआड राहतो त्याच्या एका बाजूची हुबेहूब, पूर्ण आकाराची प्रतिकृती तिथं आहे. आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथं मिळतं. महिन्याच्या चौथ्या मंगळवारी ते बंद असतं.

नाइकू: पूल, नदी, झाडं

गेकूहून नाइकूला चालत तासभर लागतो, बसनं पंधरा-वीस मिनिटं. गेकूसमोरच्या थांब्यावरून ५१ किंवा ५५ क्रमांकाची बस घ्या.

नाइकूची सुरुवात उजी पुलानं होते. इसुझु नदीवरचा हा लाकडी पूल १०१.८ मीटर लांब आहे, आणि तोही दर २० वर्षांनी नवा बांधतात. आत्ताचा २००९ सालचा. पुलाच्या दोन्ही टोकांना तोरी आहेत. हिवाळ्यात, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या सुमाराला, सूर्य बरोबर या तोरीच्या मधून उगवतो. ते बघायला लोक अंधारातच येऊन थंडीत कुडकुडत उभे असतात. पूल उजव्या बाजूनं ओलांडा.

पुढे डावीकडे-उजवीकडे छाटलेले पाइन आणि हिरवळ. ही बाग म्हणजे नुसती प्रस्तावना. त्यापुढे हात धुण्याची जागा येते, पण मी पाहुण्यांना तिथं थांबवत नाही. थोडं पुढे उजवीकडे उतरलं की नदीचा घाट आहे. १६९२ साली शोगुन (म्हणजे तेव्हाचा लष्करी राज्यकर्ता) त्सुनायोशीच्या आईनं दगड बसवून दिलेला. तिथं वाकून वाहत्या पाण्यात हात धुवायचे. नदीवर हात-पाय धुऊन देवळात जाण्याची सवय असलेल्या माणसाला याहून ओळखीचं काही सापडणार नाही. पाणी इतकं नितळ की खालचे गोटे मोजावेत. हात घातलात की पाणी किती गार आहे ते कळेल. आई चंद्रभागेची आठवण काढून म्हणाली, "एवढं स्वच्छ ठेवता येतं तर!" पुढचं ती बोलली नाही.

घाटावरून वर आल्यावर मोठी झाडं सुरू होतात. ‘सुगी’ नावाच्या जपानी देवदाराचे कित्येक शतकं जुने सरळसोट बुंधे. लोक हात लावून लावून काहींची साल गुळगुळीत झाली आहे, म्हणून त्यांना आता बांबूच्या काठ्या गुंडाळल्या आहेत. हात लावू नका, शेजारी उभं राहणं पुरे. आवारात कोंबडे मोकळे हिंडतात, अमातेरासूचे म्हणून त्यांचा मान आहे.

मुख्य देवळाच्या दगडी पायऱ्यांपाशी आलात की कॅमेरा आणि फोन खिशात. फोटो पायऱ्यांच्या खालून काढता येतात, वर अजिबात नाही. पहारेकरी सौम्यपणे सांगतात, पण सांगायची वेळ येऊ देऊ नका. वर जाऊन दोन, दोन, एक. ओळीत मधलीच जागा मिळावी म्हणून ताटकळू नका, बाजूला उभं राहूनही चालतं.

इथून लगेच परत फिरू नका. कुंपणाच्या कडेनं जाणारी वाट घ्या आणि मान वर करा. गवतानं शाकारलेलं जाड छप्पर दिसेल, आढ्यावर सोन्याच्या टोप्या घातलेले आडवे ओंडके आणि दोन्ही टोकांना आभाळात घुसलेली फुलीसारखी लाकडं. नाइकूत ओंडके दहा आणि फुलीची टोकं आडवी कापलेली, गेकूत ओंडके नऊ आणि टोकं उभी कापलेली. मुलांना हा फरक शोधायला सांगितला की ती कुरकुर करायची थांबतात. जमिनीपासून उंच उचललेलं, खांबांवरचं हे बांधकाम मुळात धान्याच्या कोठारासारखं आहे.

मागणं मागायचं राहिलं असेल तर नाइकूत ‘आरामात्सुरी-नो-मिया’ आहे, मुख्य देवळाच्या मागच्या अंगाला. परतीच्या वाटेवर कागुरा मंडपात (कागुरा म्हणजे देवापुढचं नृत्य-संगीत) ताईत मिळतात आणि ‘गोशुइन’, म्हणजे वहीत तारीख घालून मारलेला तांबडा शिक्का. इतर देवळांतल्या झोकदार अक्षरांपुढे इसेचा शिक्का अगदी साधा आहे. वही तिथंच विकत मिळते. आधी देवाला जा, मग शिक्का घ्या. उलटं केलंत तर ते रेशनच्या रांगेसारखं होतं.

वीस वर्षांचं गणित

नाइकूच्या कुंपणाशेजारी तेवढीच एक मोकळी जागा आहे. पांढऱ्या-करड्या गोट्यांनी भरलेली, मध्ये एक छोटीशी लाकडी टपरी. बहुतेक लोक तिच्याकडे न बघता पुढे जातात. थांबा. आधीचं देऊळ इथं होतं आणि पुढचं इथंच होणार आहे.

दर २० वर्षांनी शेजारच्या रिकाम्या जागेवर अगदी तसंच नवं देऊळ उभारतात आणि देवतेला तिकडे नेतात. नाइकूत हे पहिल्यांदा ६९० साली झालं, गेकूत ६९२ साली. यादवीच्या काळात सव्वाशे वर्षांच्या आसपास खंड पडला, तेवढा सोडला तर चालूच आहे. ६२ वी वेळ २०१३ च्या ऑक्टोबरात आली. त्या वर्षी दोन्ही देवळांत मिळून १ कोटी ४० लाखांवर लोक येऊन गेले. नुसतं देऊळच नवं होत नाही. देवतांची वस्त्रं, तलवारी, दागिने, घोड्याचं सामान अशा ७०० हून अधिक प्रकारच्या वस्तू जुन्या पद्धतीनं नव्या घडवतात. वीस वर्षं म्हणजे एका सुताराच्या आयुष्यात दोन-तीन वेळा. पहिल्यांदा शिकायचं, दुसऱ्यांदा स्वतः करायचं, तिसऱ्यांदा शिकवायचं.

देवीचं स्थलांतर रात्री होतं. दिवे मालवतात, पुजारी तीनदा कोंबड्यासारखं आरवतो, आणि पांढऱ्या रेशमी पडद्याच्या आडोशानं मिरवणूक अंधारातून जुन्या घरातून नव्या घरात जाते. म्हणजे त्या रात्रीसुद्धा देव कोणाला दिसत नाही.

जुन्या लाकडाचं काय होतं, हे बाबांनी लगेच विचारलं. ते वाया जात नाही. दोन्ही मुख्य देवळांचे आढ्याला आधार देणारे मोठे खांब तासून उजी पुलाच्या दोन टोकांच्या तोरी होतात. बाहेरची तोरी गेकूच्या खांबांची, आतली नाइकूच्या. तिथं वीस वर्षं काढली की ते खांब जुन्या यात्रामार्गावरच्या कुवाना आणि सेकी इथं तोरी म्हणून जातात. बाकीचं लाकूड देशभरातल्या जिंजांना देतात. सकाळी ज्या तोरीखाली वाकलात ती आधी देवळाचा खांब होती, हे कळल्यावर परत जाताना आपण जरा जास्तच वाकतो.

लाकूड हिनोकी नावाच्या जपानी सायप्रसचं, सुमारे दहा हजार ओंडके लागतात. बरेचसे किसोच्या डोंगरांतून येतात. देवस्थानाचं स्वतःचं जंगल साडेपाच हजार हेक्टरांचं आहे, आणि १९२० च्या दशकात तिथं दोनशे वर्षांची योजना आखून हिनोकी लावायला घेतली. २०१३ साठी त्या जंगलाचं लाकूड काही प्रमाणात वापरता आलं, शेकडो वर्षांत पहिल्यांदाच.

वारी त्यांचीही

एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या शोगुनांच्या राजवटीत, सामान्य माणसाला प्रवासाची मोकळीक नव्हती, पण इसेला जातो म्हटलं की परवानगी मिळे. साधारण साठ वर्षांनी एकदा लोंढाच लोटायचा, त्याला ‘ओकागे माइरी’ म्हणत. १८३० साली काही महिन्यांत ४० लाखांहून जास्त लोक इसेला आले, देशाची लोकसंख्या तेव्हा तीन कोटींच्या आसपास. नोकर मालकाला न सांगता, पोरं आईबापांना न सांगता निघायची, आणि इसेहून आल्याची खूण दाखवली की शिक्षा होत नसे. वाटेवरची गावं जेवण आणि निवारा द्यायची. हातात लाकडी पळी असली की हा इसेचा यात्रेकरू, हे ओळखायचं. इसेत पोचल्यावर उतरायची सोय ‘ओशी’ करत, म्हणजे आपल्याकडच्या तीर्थोपाध्यांसारखे, गावोगावचे यजमान वाटून घेतलेले. १८७१ साली सरकारनं ती पद्धत बंद केली.

ज्यांना स्वतः जमायचं नाही त्यांनी आपला कुत्रा पाठवला, असेही किस्से आहेत. गळ्यात पैशांची पिशवी आणि चिठ्ठी, बाकी लोक त्याला हातोहात पुढे न्यायचे. आज आवारात कुत्र्याला प्रवेश नाही, पुलाशी पहारेकऱ्यांकडे ठेवावा लागतो. मात्र दुकानांत त्या यात्रेकरू कुत्र्याची चित्रं आणि बाहुल्या भरपूर.

भूक लागल्यावर

उजी पुलाबाहेर ‘ओहाराइमाची’ नावाची जुन्या लाकडी घरांची गल्ली सुरू होते, सुमारे आठशे मीटर. तिच्या मध्यावर ‘ओकागे योकोचो’ ही जुन्या धर्तीवर १९९३ साली उभारलेली वस्ती. नवी आहे हे ठाऊक असूनही मला आवडते.

शाकाहारी मंडळींसाठी वाईट बातमी आधी. ‘इसे उदोन’, जाड मऊ शेवया आणि काळपट सोया रस्सा, दिसायला शाकाहारी असतं, पण त्या रश्श्यात माशाचा अर्क असतो. ‘तेकोने-झुशी’ म्हणजे उघडउघड कच्चा मासा. म्हणून स्टेशनजवळच्या दुकानातून उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) घातलेला ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, घेऊन ठेवा, किंवा घरून दशम्या आणा. मासे खाणाऱ्यांनी खुशाल दोन्ही खावं.

चांगली बातमी म्हणजे ‘आकाफुकु’. १७०७ सालापासूनचं दुकान, मुख्य शाखा पहाटे पाचला उघडते, देवळाबरोबरच. तांदळाच्या मऊ गोळ्यावर, म्हणजे ‘मोची’वर, लाल चवळीसारख्या आझुकीचं गोड पुरण थापलेलं, बोटांच्या तीन खुणा उमटवलेल्या. त्या खुणा म्हणजे इसुझुचा प्रवाह, खालची पांढरी मोची म्हणजे नदीतले गोटे. नदीकडच्या ओसरीवर बसून चहाबरोबर खायचं. आईनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "पुरण बरं आहे, वेलदोडा हवा होता." घरी न्यायला खोका घेणार असाल तर लक्षात ठेवा, हे दोन-तीन दिवसांतच संपवायचं असतं, भारतात पोचेपर्यंत टिकत नाही.

महिन्याच्या पहिल्या तारखेला देवळात येण्याची इथं रीत आहे. त्या दिवशी, जानेवारी सोडून, याच दुकानात त्या महिन्याची खास मोची मिळते आणि तिच्यासाठी पहाटेपूर्वी रांग लागते. रांगेत उभं राहायची आपल्याला सवय आहेच.

पुढच्या वेळी

पुढचं, ६३ वं स्थलांतर २०३३ साली आहे. तयारीचे विधी २०२५ पासून सुरू झाले आहेत. तुम्ही आज ज्या पडद्यासमोर वाकाल ती जागा त्यानंतर गोट्यांचं मोकळं अंगण झालेली असेल, आणि आज जिथं ती छोटी टपरी आहे तिथं नवं देऊळ असेल. तेव्हा या लेखातली कुंपणाकडेची वाट आणि पायऱ्यांची जागा २०३३ नंतर धरून चालू नका. आईला मी हे सांगितलं तेव्हा तिनं बोटांवर वर्षं मोजली आणि म्हणाली, "तेव्हा मला परत आण. गुडघे असले तर."